नमुन्याशिवाय कालवलेला पांढरा

रंगाच्या दुकानात त्यांचं नाव तंतोतंत. तोंडावर तंतोतंतराव, माघारी नुसतंच तंतोतंत. आईवडिलांनीही एक नाव ठेवलं होतं म्हणे, पण ते ओळखपत्रात पडून पडून आंबून गेलं होतं.

त्यांचं काम रंग जुळवण्याचं. गिऱ्हाईक भिंतीची नखाएवढी खपली कागदाच्या पुडीत घेऊन येई आणि म्हणे, अगदी हाच पाहिजे. तंतोतंतराव ती खपली तळहातावर घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात जात. तिच्याकडे असे रोखून बघत की खपलीनं आपण होऊन कबुलीजबाब द्यावा. मग आत येऊन डब्यात काळ्याचे दोन थेंब, मातकटाचा एक आणि पिवळ्याचा अर्धा. हा अर्धा थेंब ते कसा पाडतात, हे एकतीस वर्षांत कुणालाच कळलं नाही. काडीनं घोटून, त्यातला ठिपका खपलीवर लावून ते तो वाळू देत. वाळला की ठिपका कुठे संपतो आणि खपली कुठे सुरू होते ते दिसेनासं होई. तेव्हा ते एकच शब्द बोलत आणि तोच शब्द त्यांना कायमचा चिकटला.

खपलीचा उरलेला अर्धा भाग गिऱ्हाइकाचा पत्ता लिहिलेल्या पाकिटात जाई. अशा पाकिटांचे चार खण भरले होते. मालकांनी रंग जुळवणारं यंत्र घ्यायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा रद्द केलं. यंत्र विजेवर चालतं, तंतोतंतराव चहावर.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांना ज्ञानप्राप्तीची ओढ लागली. इतरांना त्या वयात गुडघेदुखी लागते, त्यांना ती सोबतच लागली, म्हणजे मांडी घालून बसायची पंचाईत. वाचनालयाच्या माडीवर दर बुधवारी एक निवृत्त प्राध्यापक तत्त्वचिंतनाचा वर्ग घेत. डोळ्याला दिसतं ते किती आणि डोळा आपल्या पदरचं त्यात घालतो ते किती, असा सरांचा आवडता प्रश्न होता. तंतोतंतरावांना तो घरचाच वाटला. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? कशात काय मिसळलंय तेच तर ओळखत आले होते. पाहता पाहता ते वर्गाचे आघाडीचे विद्यार्थी झाले. जग हा भास आहे, हे ते इतक्या ठामपणे सांगत की सरांनाच कधी कधी जगाची बाजू घ्यावी लागे.

घरीही तोच पाठ. बस चुकली, भास. भाजी करपली, भास. फक्त भाजीत मीठ जास्त पडलं की जग पुन्हा खरं होई.

साधनेसाठी त्यांनी बाहेरच्या खोलीची भिंत तयार केली होती. सात वर्षांपूर्वी एका रविवारी त्यांनी ती स्वतः रंगवली. शुद्ध पांढरी. ज्यात काही म्हणजे काही मिसळलेलं नाही असं दिसणारा पांढरा. पांढऱ्याला चकाकी यावी म्हणून रंगवाले त्यात निळ्याचा थेंब टाकतात, तसा त्यांनीही टाकला. पुरेसा उजळ वाटेना म्हणून आणखी एक, मग आणखी एक. मनासारखं झालं तेव्हा थांबले. तेव्हापासून रोज पहाटे गुडघ्याखाली उशी घेऊन ते अर्धा तास त्या भिंतीसमोर बसत आणि तिच्यात विरघळायचा प्रयत्न करत.

भिंत वाळली त्या दिवशी त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली होती आणि म्हणाली होती, निळी का केलीत?

त्यावर तंतोतंतराव नुसते हसले. रंगातलं कळतं कुणाला, हे त्या हसण्यात होतं. पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. महिनाभरानं आलेल्या नणंदेला साक्षीला घेतलं, पण भावापुढे नणंद फितूर झाली. सारं जग भास मानायला तयार असलेला हा माणूस भिंतीच्या बाबतीत मात्र इंचभर हलायचा नाही. ‘‘जन्मभर हाच धंदा केलाय मी,’’ एवढंच म्हणायचा. हळूहळू तिनं तो विषय सोडला आणि त्यांनी तो जिंकला असं धरलं.

वर्गातही त्या भिंतीची कीर्ती झाली. पहाटेच्या बैठकीत आपल्याला निर्भेळ पांढऱ्याचं दर्शन होतं, असं त्यांनी एका बुधवारी सांगितलं आणि सरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे आदरानं पाहिलं.

मग मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, आधी उजवा करू, दीड महिन्यानं डावा. उजव्याची पट्टी सुटली तेव्हा तंतोतंतरावांना पहिल्यांदा बाईंचा डगला दिसला आणि ते दचकले. इतका पांढरा डगला त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. उजवा डोळा झाकला तर तोच डगला जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट. बाईंनी समजावलं की मोतीबिंदू हळूहळू पिवळा पडत जातो, म्हणजे माणूस पिवळ्या काचेतूनच बघत असतो आणि त्याला ते कळतही नाही. निळं तर फारच कमी पोचतं.

‘‘किती वर्षांपासून?’’ त्यांनी विचारलं.

‘‘तुमचा चांगलाच पिकलाय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सात-आठ वर्षं तर असतीलच.’’

तंतोतंतरावांनी बोटांवर वर्षं मोजली. आठ वर्षांत त्यांनी निम्म्या गावाच्या भिंती जुळवल्या होत्या. त्या सगळ्या चुकीच्या? घरी न जाता ते दुकानात गेले, खणातली पाकिटं पिशवीत भरली आणि पत्ते काढत निघाले. चार दिवस ते दारोदार फिरले. सहज आलो होतो म्हणायचं, पाणी मागायचं आणि यजमान पाणी आणायला आत गेला की कपाट जरा सरकवून, ऊन न लागलेल्या भिंतीवर खपली धरायची. एका घरी म्हातारीनं त्यांना कपाट सरकवताना पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली. तरी त्यांनी आधी खपली धरली, मग खुलासा केला.

खपली भिंतीत नाहीशी झाली. तिथेही आणि त्याआधीच्या अडतीस घरांतही. एकही रंग हुकला नव्हता.

गणित सुटायला त्यांना पूर्ण एक चहा लागला. डोळा पिवळा असेना का, नमुनाही त्याच डोळ्यानं पाहिला आणि डबाही त्याच डोळ्यानं. दोघांवर सारखाच पिवळेपणा, म्हणजे दोघं जुळणारच. खोट होती ती दोन्हीकडे सारखी, म्हणून बिचारी कुणाला नडली नाही. निळ्यात थोडं इकडेतिकडे होऊ शकलं असतं, पण त्या अर्ध्या थेंबाची सवय कामी आली. छाती फुगली. पिशवी खांद्याला लावून ते उठले आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की एका घराचं पाकीटच नाही. तिथला रंग नमुन्याशिवाय, नुसत्या आठवणीवर कालवला होता. घरच्यासाठी नमुना कशाला?

घरी आल्यावर त्यांनी चपलाही काढल्या नाहीत. डॉक्टरीण बाईंनी दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीची कोरी मागची बाजू भिंतीवर धरली. कागद पांढरा होता. भिंत निळी होती. निळसर नव्हे. शाळेच्या गणवेशातल्या शर्टाइतकी निळी. डावा डोळा उघडून उजवा झाकला, भिंत पांढरी झाली. पुन्हा बदलला, निळी. पाच-सहा वेळा त्यांनी ही उघडझाप केली. दर वेळी सात वर्षांच्या पहाटा या डोळ्यातून त्या डोळ्यात जाऊन पडत होत्या.

आता बुधवारी सरांना सांगणं अवघड नव्हतं. सर उलट खूश झाले असते, त्यांना चार आठवड्यांचा विषय मिळाला असता. अवघड होतं ते आत, स्वयंपाकघरात. तिथे एका बाईला सात वर्षं ‘रंगातलं कळतं कुणाला’ हे हसू खावं लागलं होतं. त्यांनी दोन दिवस ते टाळलं. या दोन दिवसांत त्यांनी न सांगता भांडी विसळली, दळण आणलं आणि करपलेल्या भाजीला चक्क छान म्हणाले. तिनं डोळ्याच्या औषधानं डोक्यावर परिणाम होतो का, असं डॉक्टरीण बाईंना फोन करून विचारलं.

तिसऱ्या दिवशी ती भिंतीखाली मटार सोलत बसली असताना ते समोर येऊन उभे राहिले.

‘‘भिंत निळी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून.’’

तिनं मान वळवून भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘‘कुठे हो?’’ ती म्हणाली. ‘‘पांढरी तर आहे.’’

तंतोतंतराव खालीच बसले. जन्मातली एकमेव कबुली द्यायला आले आणि फिर्यादीनंच खटला सोडून दिला होता. ती थट्टा करत नव्हती. पहिली दोन वर्षं दिसत होती निळी, ती म्हणाली. रोज दिसायची, रोज राग यायचा. मग तुम्ही इतके ठामपणे सांगता, सगळं गाव तुमच्या डोळ्याची खात्री देतं, म्हटलं आपलंच काही चुकत असेल. मग कधी पांढरी दिसायला लागली कळलंच नाही. ‘‘आणि बरंही वाटलं. रोज कुणी भांडावं भिंतीवरून?’’

त्यांना वाटलं, आपला मोतीबिंदू निदान आपल्याच डोळ्यात होता. हिचा आपणच घातला.

ते उठले. ‘‘नमुना दे,’’ ते म्हणाले. ‘‘तुला पांढरी वाटेल अशी एखादी वस्तू.’’

तिनं आतून बशी आणून दिली. ती घेऊन ते दुकानात गेले आणि तासाभरानं वाटीभर रंग घेऊन आले. सात वर्षांत पहिल्यांदाच त्या भिंतीला नमुना मिळाला होता. भिंतीच्या मधोमध त्यांनी तळहाताएवढा ठिपका लावला आणि दोघं मटाराच्या टोपल्याच्या दोन बाजूंना बसून तो वाळायची वाट बघू लागले. ठिपका वाळत गेला तशी त्याच्याभोवतीची भिंत निळी होत गेली.

‘‘अगं बाई,’’ ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, ‘‘निळीच की हो. केवढी निळी.’’ आणि तिच्या आवाजात सात वर्षांची सगळी थकबाकी आली. ती त्यांनी खाली मान घालून, एकेक मटार सोलत ऐकून घेतली.

भिंत पुन्हा कधी रंगवायची ते दुसऱ्या डोळ्यानंतर ठरवू, असं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सवयीनं उशी घेऊन बसले. निळ्या भिंतीत पांढरा ठिपका, त्यात विरघळायचं कसं हा प्रश्नच होता. थोड्या वेळानं ती दोन कप चहा घेऊन आली आणि पहिल्यांदाच त्यांच्याशेजारी टेकली.

‘‘काय दिसतंय?’’ तिनं विचारलं.

तंतोतंतरावांनी कप हातात घेतला. ‘‘आधी तू सांग,’’ ते म्हणाले.

तिनं चहाचा घोट घेतला, भिंत वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळली आणि म्हणाली, ‘‘वरच्या कोपऱ्यात जाळं झालंय.’’

त्यांनी वर पाहिलं. आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्या. दोन्ही डोळ्यांना होतं. चांगलं मोठं, जुनं, कोळ्यासकट.

ते चहा संपवून झाडू आणायला उठले.