निम्मी बाटली

"आकडा फार वाढलाय. नवीन काय सुरू केलंत?" जळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी नाकाला रुमाल दाबून बसले होते. सकाळपासून रक्त थांबत नव्हतं. आकडा म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. माझ्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी मला रोजची.

"काहीच नाही," मी म्हटलं. शेजारी धाकटी जाऊ उभी होती, शोभा. तिच्यासमोर काय सांगणार, कपाळ?

खरं सांगते, तिच्यावरून माझा नुसता जळफळाट चालला होता. आम्हा दोघींचे गुडघे एकाच वर्षी धरले. तिला वैद्यांनी सीबीडी तेल लिहून दिलं आणि दोन महिन्यांत बाई तुरुतुरु केळीच्या बागेत जायला लागली! मी आपली सावद्याच्या घरात, ओट्यावर गुडघे शेकत बसलेली.

सासूबाईंचा घरात एक नेम होता. जे येईल ते दोघी जावांना निम्मं-निम्मं. साडी असो, पापड असो, लोणचं असो. हिनं मात्र बाटली कपाटात साड्यांखाली लपवली. एवढी कसली हाव मेली! ती बागेत गेल्यावर मी ती काढली आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत बरोब्बर निम्मं तेल ओतून घेतलं. चोरी वाटलीच नाही. माझाच तर वाटा होता.

आठ दिवस जिभेखाली थेंब घेतले. नवव्या दिवशी नाकाचा घोळणा फुटला.

शोभानं पिशवीतून तिची बाटली काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "रोज पहाटे अंधारात थेंब घेते, आज सकाळी उजेडात पाह्यलं. निम्मी झाली हाये."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

डॉक्टरांनी समजावलं. सीबीडी भांगेच्या कुळातल्या हेम्प या झाडापासून काढतात. नशा आणणारा घटक वेगळा, टीएचसी. काहींना दुखण्याला, झोपेला आराम वाटतो, पुरावा अजून अपुरा आहे. पण यकृत ज्या वाटेनं रक्त पातळ करणारी गोळी पचवतं, ती वाट सीबीडी अडवतं. गोळी अंगात साठते आणि रक्तस्राव होतो. "मेंदूत झाला असता तर?" ते म्हणाले.

वॉर्डात चार दिवस काढले. बाग सोडून शोभा स्टुलावर बसून होती. शेवटी मीच विचारलं, लपवली का होतीस?

"अक्का, मी वैद्यांले पह्यलेच इचारलं व्हतं, तुमच्यासाठी मागू का म्हनून. ते म्हने, त्यांची गोळी चालू हाये, चुकूनबी देऊ नका. तुमाले सांगितलं असतं, तर वाटलं असतं, वाटा द्यायचा नाई म्हनून बहाना करते."

तुम्ही कुठलीही गोळी घेत असाल, तर तेलाला हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्यासारखा वाटा मागू नका.

घरी आल्यावर शोभानं कपाटाची किल्ली माझ्याच हातात दिली. आता रोज सकाळी तिच्या जिभेखाली थेंब मीच मोजून सोडते. ती गुडघे न धरता उठते आणि मला अजूनही जळायला होतं. पण एक थेंबही कमी-जास्त होऊ देत नाही.