टाकीखालच्या गल्लीचा घरटॅक्स

“बाई, तिथं नका उभ्या राहू. आत या.”

गुलाबराव दारातून ओरडले तेव्हा मी त्यांच्या घराची रस्त्याकडची बाजू मोजत होते. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं आमच्या म्हाताऱ्या शिपायाच्या. मला वाटलं, वरून एखादं कौल सुटलं असेल. मी वर पाहिलं. कौलं जागच्या जागी होती. मागे वळून पाहिलं, तर गल्लीच्या पलीकडे, वीस-पंचवीस पावलांवर, गावाची पाण्याची टाकी उभी होती. सहा खांबांवर, तीन मजले उंच. तिच्या पायथ्याशी पंपाची खोली होती आणि सकाळचा पंप नुकताच सुरू झाला होता. चपलेतून तळपायाला बारीक थरथर जाणवली. घरात मांडणीवरची भांडी किणकिणायला लागली.

“भरून राह्यली,” गुलाबराव म्हणाले. “भरेपर्यंत असंच चालते.”

मी आत गेले. घराची आतली मापं घ्यायची होती म्हणून गेले, असं मी शिपायाला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या कर विभागात मी क्लार्क होते. माझे यजमान तिथेच नोकरीत होते. ते वारल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं. पण टेंपररी. दर मार्चला ऑर्डर संपायची आणि नवी निघायची. घरी दोन मुली आणि सासूबाई. मार्च जवळ आला की माझं जेवण कमी व्हायचं.

घरटॅक्स कसा बसतो ते थोडक्यात सांगते. घर बांधायला किती खर्च आला, यावर तो तेव्हा बसत नसे. ते घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, यावर बसायचा. याला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. मालक स्वतः राहत असला तरी हिशेब भाड्याचाच. दर काही वर्षांनी आम्ही घरोघरी जाऊन मोजणी करायचो आणि नवी यादी लावायचो. यादी नवी म्हणजे आकडा मोठा. तो कमी झालेला मी तोवर पाहिला नव्हता.

गुलाबराव आर्वी डेपोतून रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर. हातात आलेल्या पैशातून त्यांनी हे घर बांधलं. मागे दोन खोल्या मुद्दाम भाड्यासाठी काढल्या. शाळेतले मास्तर राहायचे. मी गेले तेव्हा दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. चुलीच्या जागी जाळी धरली होती.

“भाडेकरू कधीपासून नाहीत?” मी विचारलं.

“झाले दीड वर्ष. येते, खोली पायते, खुश होते. मंग पंप सुरू होते. दुसऱ्या दिवशी येतच नाई.”

“घर विकायचं नाही का मग?”

“शेजारच्यानं काढलं होतं इकाले. गिऱ्हाईक आलं, वर पायलं अन् चालू लागलं. अर्ध्या किमतीतबी कोणी घेत नाई. चला, तुमाले दाखवतो.”

मला जायचं नव्हतं. पण मोजणी करणाऱ्याने नाही कसं म्हणायचं? आम्ही टाकीखाली गेलो. तिथेच नळाचा स्टँडपोस्ट होता आणि दहा-बारा बायका पाण्याचे पितळी गुंड घेऊन रांगेत उभ्या होत्या. गुलाबरावांनी एका खांबावर हात ठेवला. खांबाला नवा गिलावा मारून वर चुना दिला होता, आणि त्या नव्या गिलाव्यालाच माझ्या कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत तडा गेला होता. एका ठिकाणी गिलावा सुटून लोखंडी सळई दिसत होती. गंजून तिचे पापुद्रे निघाले होते.

तड्यावर आडवी काचेची एक पट्टी सिमेंटने चिकटवली होती. ती मधोमध तुटलेली होती.

“हे काय?”

“आमच्या मिस्त्रीनं शिकवलं. काच ताणत नाई. तडा जुना असन, थांबला असन, तं काच तशीच रायते. तडा सरकला का काच तुटते.” त्यांनी बोटाने वर आणखी दोन जागा दाखवल्या. “ही तिसरी हाय.”

मी वहीत लिहून घेतलं. वर लाखभर लिटर पाणी होतं आणि खाली त्या बायका नंबरावरून भांडत होत्या.

ऑफिसात येऊन मी फॉर्म भरला. शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. त्यात लिहिलं, ‘लगतच्या टाकीच्या खांबांना तडे. भीतीमुळे भाडेकरू राहत नाहीत. भाडेमूल्य घटले.’ त्या गल्लीत अकरा घरं. अकराही फॉर्मवर तेच लिहिलं.

आमचे कर अधीक्षक भोयर साहेब. त्यांनी पहिला फॉर्म वाचला, चष्मा काढला.

“धोटेबाई, टाकी कोणाची हाय?”

“आपलीच, साहेब.”

“मंग आपल्याच टाकीले तडे गेले म्हणून आपणच लिहून द्यायचं? मागच्या साली दुरुस्ती झाली. बिल पास झालं. वरच्यांच्या सह्या हायेत त्याच्यावर.”

“पण साहेब, मी पाहिले तडे.”

“तुमी घरं मोजाले गेलत्या. टाकी नाई.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “तुमची ऑर्डर मार्चपर्यंत हाय न? नवे फॉर्म घ्या. लिहा, घर जुने, दुरुस्ती आवश्यक. थोडा आकडा कमी धरू. त्यायचंबी काम होते, तुमचंबी.”

मी नवे फॉर्म घेतले. अकराही घरं ‘जुनी’ केली आणि खाली सह्या केल्या. कोणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं.

त्यानंतर मला त्या गल्लीजवळून जाववेना. बाजाराला मी लांबच्या रस्त्याने जायची. सकाळी पंपाची वेळ झाली की घरी बसल्या जागी कान टवकारायचे. दूर कुठे ट्रकचा फाळका आदळला तरी मी दचकून उठायची. धाकटीने एकदा विचारलं, “आई, तू दचकतेस काऊन सारखी?” मी तिलाच रागावले.

पुढे यादी लागली. ‘थोडा आकडा कमी’ कुठे गेला ते मला कळलं नाही. गुलाबरावांच्या रिकाम्या खोल्यांना गावातल्या चांगल्या वस्तीचं भाडं धरलं होतं. त्यांना नोटीस गेली. ती हातात घेऊन ते माझ्या टेबलासमोर आले.

“बाई, माह्या घरात तुमी बसल्या, पाणी पेल्या. अन् हे काय?”

मी मान वर केली नाही. “हरकत घ्या,” मी हळूच म्हणाले. “महिन्याची मुदत आहे.”

“लिहू काय? परवडत नाई म्हणून?”

“ते लिहू नका. परवडतं की नाही, हे तिथे कोणी पाहत नाही. भाडं का येत नाही ते लिहा. टाकीचं लिहा. जुन्या भाड्याच्या पावत्या जोडा. गेलेल्या मास्तरांकडून आणा लिहून, का गेले ते. अकराही घरांच्या हरकती वेगवेगळ्या द्या.”

“अन् तुमी?”

“मी हे तुम्हाला सांगितलं नाही.”

त्यांनी नोटिशीची घडी करून खिशात घातली. मग गेले.

हरकतींची सुनावणी आमचे साहेब घेत नसत. त्यासाठी बाहेरून मूल्यनिर्धारण अधिकारी यायचे. त्या वर्षी इनामदार नावाचे गृहस्थ आले. बारीक, कमी बोलणारे. नगरपालिकेच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. फाइली द्यायला मी उभी. शेजारच्या खुर्चीवर भोयर साहेब.

गुलाबरावांनी पावत्या ठेवल्या. मास्तरांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. मग रुमालाची गाठ सोडून काचेचे तुकडे टेबलावर ठेवले. आता ते पाच पट्ट्यांचे होते. प्रत्येक पट्टी कधी लावली, कधी तुटली, ते कागदावर लिहिलेलं होतं.

इनामदारांनी कागद वाचला. मग माझा फॉर्म काढला.

“ही मोजणी कोणाची?”

“माझी, साहेब.”

“शेरा आहे, घर जुने, दुरुस्ती आवश्यक. किती वर्षांचं घर आहे?”

भोयर साहेब पेनाचं टोपण उघडत होते, लावत होते. मार्चला तीन आठवडे उरले होते. थोरलीची परीक्षा होती. सासूबाईंचं औषध होतं. मी त्या टोपणाकडेच पाहत होते.

“सात वर्षांचं,” मी म्हणाले.

“सात वर्षांचं घर जुनं?”

“नाही साहेब. घर चांगलं आहे. मी आधी दुसरं लिहिलं होतं.”

“काय?”

“टाकीच्या खांबांना तडे. भाडेकरू राहत नाहीत.”

शेरा कोणी बदलायला लावला, हे इनामदारांनी विचारलं नाही. त्यांनी फाइल मिटली. “उद्या सकाळी पंपाच्या वेळी स्थळपाहणी.”

बाहेर आल्यावर भोयर साहेब माझ्या शेजारून चालत होते. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी अंग चोरलं. ते एवढंच म्हणाले, “मी काय भेत नाई का, बाई? माहीबी पेन्शन दोन वर्षांवर हाय.”

दुसऱ्या दिवशी आम्ही टाकीखाली उभे होतो. पंप सुरू झाला. इनामदारांनी खांबाला तळहात लावला आणि तसाच ठेवला. वरून खडा निसटावा तसा सिमेंटचा एक तुकडा पडला. रांगेतल्या एका बाईच्या गुंडाला लागून टणकन वाजला. ती वैतागून वर पाहू लागली. इनामदारांचा चेहरा पांढरा पडला होता.

“आधी या बायांना हलवा,” ते म्हणाले. “पंप बंद करा.”

अकराही घरांचं भाडेमूल्य त्यांनी निम्म्याच्या खाली आणलं. तसं का केलं, ते आदेशात लिहिलं. शब्द जवळपास माझ्या पहिल्या शेऱ्यातलेच होते. घरटॅक्सच्या आदेशात आलं म्हणजे ते सरकारी कागदावर आलं. त्याची एक प्रत त्यांनी स्वतः कलेक्टर ऑफिसला दिली. आठवड्यात टाकी रिकामी झाली.

यासाठी कोणी मला हार घातला नाही. सगळा उन्हाळा गावाने विहिरी आणि टँकरवर काढला, आणि बायका मला नावानिशी शिव्या द्यायच्या. पावसाळ्याआधी टाकी पाडायला घेतली. पहिल्याच दिवशी त्या तड्याच्या खांबावर दोन घण बसले आणि ओल्या गुळासारखं काँक्रीट हाताने निघायला लागलं. आतल्या सळया काडीएवढ्या उरल्या होत्या. त्यानंतर शिव्या बंद झाल्या.

माझी ऑर्डर मार्चला निघाली नाही. पंचवीस दिवस मी घरी बसले. रोज टपालाची वाट पाहिली. मग निघाली. भोयर साहेबांनी वरच्यांकडे दोन खेपा घातल्या, असं शिपाई म्हणाला. ते स्वतः कधी बोलले नाहीत. त्या पंचवीस दिवसांची नोंद सर्व्हिस बुकात ‘सेवाखंड’ अशी आहे. पुढे पेन्शनच्या वेळी तिच्यापायी मला चार चकरा पडल्या.

पुढच्या मोजणीला त्या गल्लीत मीच गेले. टाकीच्या जागी मोकळं मैदान होतं. गुलाबरावांच्या दोन्ही खोल्यांत भाडेकरू होते, तेही आधीपेक्षा जास्त भाड्याने. मी आकडा वाढवला. ते माझ्यावर खूप चिडले. त्यांनी पुन्हा हरकत घेतली. मुदतीत, जुन्या पावत्यांसकट, ‘भाडं कमी येतं’ असं कारण स्पष्ट लिहून. ती फेटाळली गेली, कारण या वेळी कारण खरं नव्हतं.