काय खाशील, विचारणारी आत्या

आमची निडी गावची आत्या आजाऱ्याची तब्येत कधी विचारत नसे. "काय खाशील?" एवढंच विचारी. त्याने एखाद्या पदार्थाचं नाव घेतलं की बाहेर येऊन सांगे, "ऱ्हातो हा." तो नको म्हणाला, तर घरच्यांना नातेवाइकांना फोन लावायला सांगे.

शेजारच्या म्हाताऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा त्याने वाकड्या तोंडाने बोंबलाची चटणी मागितली. पुढे कितीतरी वर्षं तो बांधावरून आत्याशीच भांडला. ती म्हणे, "ह्याला चटणी आठवली नसती तर बरं झालं असतं."

वारं गेलेल्या दुसऱ्या एकाने जिलेबी मागितली आणि सकाळपर्यंत तो गेला. मी तिला छेडलं.

"जिलेबी त्याच्या बायकोला आवडते," ती म्हणाली. "दुसऱ्यासाठी मागितलेलं मी धरत नाय."

मला प्रत्येक गोष्टीला हो की नाही लागतं. असले नियम मला झेपत नसत.

मग आत्यालाच अर्धांगाचा झटका आला. मी पेणहून रोह्याच्या दवाखान्यात पोहोचले. तिचा मुलगा दिनेश आखातात. कंपनी रजा एकदाच देणार होती. त्याने फोनवर विचारलं, "ताई, आता येऊ, की..."

मी डॉक्टरांना गाठलं. शुद्ध अर्धवट, गिळता येत नाही, शुगर वाढलेली, मेंदूची सूज अजून वाढू शकते. अशा पेशंटांपैकी किती जगतात याचा अंदाज त्यांच्याकडे होता. "पण ह्यांचं काय होईल, ते आज नाही सांगता येत," ते म्हणाले.

शेवटी मी तिच्या कानाशी वाकले. "आत्या, काय खाशील?"

बऱ्याच वेळाने तिने एक डोळा उघडला. "तू जेवलीस गो?"

हे कशात धरायचं? स्वतःसाठी काहीच मागितलं नाही, म्हणून वाईट? की मला ओळखलं, म्हणून चांगलं? डॉक्टर म्हणाले, बोलल्या हे चांगलंच. पण त्यांचा चेहरा बदलला नाही. मी दिनेशला ये म्हटलं.

तो आला आणि ती सुधारू लागली. नाकातली नळी निघाली, पेज घशाखाली उतरू लागली. घरी सोडायचं ठरलं, त्या संध्याकाळी दिनेशने तिचाच प्रश्न तिला विचारला. ती स्पष्ट म्हणाली, "सुकट."

तो धावतच बाहेर आला. "ऱ्हाते ही, ताई."

पहाटे ती गेली.

दिनेश परत निघाला तेव्हा त्याची बॅग मी भरली. तळाशी सुकटीची पिशवी ठेवली. त्याला ती लहानपणापासून आवडते. आत्याला आवडायची का, हे आम्हा दोघांनाही आठवेना.