अक्कांना जागा पसंत पडते

भाड्याची खोली बघायला गेलं की अक्का सरळ जमिनीवर आडव्या व्हायच्या. घरमालक किल्ली हातात धरून उभा, भाडेकरू चपला काढाव्यात की नाही या विचारात, आणि साठीच्या अक्का पदर सावरून, हाताची उशी करून खोलीच्या मधोमध डोळे मिटून पडलेल्या. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग उठून निकाल.

"उभ्यानं नुसत्या भिंती दिसत्यात तम्मा. घर निजल्यावर कळतंय."

तम्मा म्हणजे मी. आमच्याकडे धाकट्या भावाला कानडीत असं म्हणतात, आणि अक्का म्हणजे थोरली बहीण. आमचं नातं मात्र मानलेलं. रामनगरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दुकानामागच्या गल्लीत अक्कांचं घर. बदली होऊन गावात आलेला माणूस खोलीची चौकशी करत दुकानात यायचा आणि मी त्याला अक्कांकडे धाडायचो. एकदा एका मास्तरांसाठी खोली बघताना त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "शेजारी आंघोळ करताना गाणारा माणूस हाय. सोसत असंल तर घ्या." मास्तर हसले, खोली घेतली, आणि आठव्या दिवशी दुसरी खोली शोधायला डोळे तांबारून माझ्या दुकानात हजर झाले.

अक्कांची एकुलती एक मुलगी सुनंदा लग्नानंतर नवऱ्याबरोबर कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर गेली. जावई तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात. बेट इतकं लहान आणि शांत, की रस्त्यात मोटारीला बकरी आडवी आली तर ती कुणाची हे सगळ्यांना माहीत असतं, असं जावई सांगायचे. सुनंदाला सातवा महिना लागला. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं आणि आईनं जायचं ठरलं. त्यांच्या क्वार्टरमध्ये खोली एकच, तेव्हा अक्कांसाठी जवळपास जागा बघणं आलं. जावयांनी चार ठिकाणांचे फोटो माझ्या मोबाईलवर पाठवले. अक्कांनी ते दोन मिनिटांत बघून मोबाईल परत दिला.

"ह्यात निजून कुणी बघितलंय?"

"अहो अक्का, तिथं पोचायलाच दोन दिवस लागतात. तुम्ही जाऊन निजणार कशा?"

"मी कशाला? जावईबापू हायत की तिथं."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडच्या सकाळी, व्हिडिओ कॉल लागला आणि अक्कांनी जावयांना समुद्राकाठच्या एका हॉटेलातल्या चकचकीत फरशीवर आडवं व्हायला लावलं. ज्या जावयाला त्या पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसत, तोच टाय लावून फरशीवर पडलेला. तो आडवा होताच अक्कांनी लाजून डोक्यावर पदर घेतला. सासूपण कुठंतरी सांभाळायला हवं होतं.

"काय ऐकू येतंय, जावईबापू?"

"समुद्र, आई."

"अजून?"

"समुद्रच."

"बंद कवा हुतोय त्यो?"

"बंद होत नाही, आई."

"मग नगं. दिवसभर कुणीतरी उशाशी बोलतच बसल्यागत हुईल. आणि मागलं दार कुठाय?"

मागं दार नव्हतं, पोहायचा तलाव होता. मागच्या बाजूला तळं आणि पुढच्या बाजूला समुद्र असल्या घरात बाळंतिणीची आई काय करणार, असं विचारून अक्कांनी ते हॉटेल मोडीत काढलं.

दुसरी जागा टेकडीवर होती. तिथं भिंतीवर नियमांचा कागद होता. जावयांनी तो पडल्या पडल्या वाचून दाखवला. तळण करू नये, धूर झाल्यास छतातली घंटा वाजेल. "फोडणी दिली की घंटा? मग शेजारपाजारचे आरतीला येतील," अक्का म्हणाल्या. तिसऱ्या जागेत वाऱ्यानं दार आपटत होतं. चौथ्या जागेत काहीच वाईट नव्हतं. अक्का म्हणाल्या, "काहीच वाईट न्हाई म्हंजे काहीतरी दडवलंय."

त्या संध्याकाळी सुनंदानं फोन हातात घेतला. तोंड सुजलेलं, आवाज रडवेला. "आई, मला तू हवीयेस, जागा नकोय. यायचं नसेल तर तसं सांग." आणि फोन ठेवला.

अक्कांनी मोबाईल घरापुढच्या ओट्यावर पालथा ठेवला. मी उठणार, एवढ्यात म्हणाल्या, "बस तम्मा."

त्यांचं मूळ गाव सुप्याकडचं. धरणाच्या पाण्याखाली गेलं. भांडी, बिछाने, कोंबड्या, सगळं ट्रकात भरून ही माणसं इकडं आली तेव्हा अक्का बारा वर्षांच्या होत्या. "इथं आल्यावर म्हणाले, बघा, कुठली जागा पायजे. आमचं बाबा ट्रकातनं खाली उतरलंच न्हाईत. वरनंच बोट दाखवलं आणि तोंड फिरवून बसलं. जीवच नव्हता राहिला त्येंच्यात. ती जागा म्हंजे निव्वळ खडक. हीर खणून खणून दमली माणसं, पाणी न्हाई लागलं. आई डोक्यावरनं पाणी आणून आणून वाकली." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भ्या वाटतंय रे मला. लई लांब हाय ते. परत ट्रकातनंच बोट दाखवल्यागत हुतंय."

मी त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. मीच सुनंदाला फोन लावला आणि जावयांना म्हटलं, आणखी एक तरी बघा.

पाचवी जागा क्वार्टरच्या मागच्या रस्त्यावर होती. एका म्हाताऱ्या बाईच्या परसातली पत्र्याच्या छपराची लाकडी खोली. छपरावरचं पावसाचं पाणी खालच्या हौदात साठवतात, हे ऐकून अक्का जराशा पुढं सरकल्या. जावई सवयीनं आडवे झाले, डोळे मिटले. इतक्यात दारातून एक किंकाळी आली. म्हातारीला वाटलं, बघायला आलेला माणूस चक्कर येऊन पडला! पडद्यावर नुसतं छत गरगरलं, पावलं धावली, आणि दुसऱ्या क्षणी भांडंभर पाणी जावयांच्या तोंडावर. ते ठसकत उठायला बघत होते आणि म्हातारी त्यांना दोन्ही हातांनी पुन्हा खाली दाबत होती. आपण स्वतः डॉक्टर आहोत, हे तिला पटवायला त्यांना बराच वेळ लागला.

अक्का हसून हसून ओट्यावरून पडायच्या बाकी होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "हेच घर. तम्मा, तिकीट काढ."

"अहो, पण जावयांनी अजून सांगितलं कुठं, काय ऐकू येतंय ते?"

"काय करायचंय? धावली न्हवं ती?"

चार महिने अक्का तिथं राहिल्या. नात झाली, सुनंदा हिंडूफिरू लागली. परत आल्यावर आम्ही समुद्राचं विचारलं, तर "हाय भरपूर" एवढंच म्हणाल्या. सांगायच्या त्या म्हातारीबद्दल. ती नारळाचं दूध कसं वाया घालवते, तिला पाट्यापासून दूर ठेवायला कसं भांडावं लागलं, आणि नातीच्या बारशाला ती टोपी घालून कशी मुरडत आली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा. अक्का मोबाईल ओट्याच्या खांबाला टेकवून ठेवायच्या आणि तांदूळ निवडत बोलायच्या. ती तिच्या इंग्रजीत, ह्या आपल्या मराठीत, मध्येच कानडीत. पहिल्या दिवशी मी भाषांतर करायला गेलो, तर मला हातानं गप्प केलं.

"पण तुम्हाला कळतं काय, ती काय म्हणते ते?"

"तिचा गुडघा दुखतोय. आणि सून बोलत न्हाई."

मी सुनंदाला विचारून खात्री केली. दोन्ही खरं होतं.

मागच्या थंडीत अक्का तीन दिवसांच्या तापानं गेल्या. सुनंदा आली, दिवसकार्य झालं, ती परत गेली. घराची किल्ली आणि अक्कांचा मोबाईल माझ्याकडे राहिला. एका संध्याकाळी मी ओटा झाडायला गेलो होतो, तेव्हा बरोबर सहाला मोबाईल वाजला.

म्हातारीला सगळं ठाऊक होतं. सुनंदानंच तिला सांगितलं होतं. काळा झगा घालून ती आपल्या दारात बसली होती. मी माझ्या अर्ज भरण्यापुरत्या इंग्रजीत म्हटलं, वाईट झालं, अक्का तुमची फार आठवण काढायच्या.

तिनं मान हलवली. म्हणाली, "तू नको बोलूस, बाळा. मी तिच्याशी बोलायला फोन केलाय."

मी मोबाईल खांबाला टेकवून ठेवला आणि आत जाऊन बसलो. ती अर्धा तास बोलत होती.