म्हशीचं मेमरी कार्ड

"रफिक, तुझ्या कार्डानं माझी म्हैस आटवली."

कोल्हारच्या सुमनमावशी दुकानाच्या पायरीवरून ओरडत होत्या. निम्मं श्रीरामपूर गोळा झालं. स्टेशनातून निघालेली गाडीही थांबली म्हणतात. मी काही बघायला गेलो नाही.

माझं दुकान मुळात कॅसेटचं. कॅसेट घेणारे संपले, तसं मी मेमरी कार्ड भरून द्यायला लागलो. गाणी कंप्युटरवर डाउनलोड करायची आणि नखाएवढ्या कार्डात कोंबायची. मावशींचा टेप जळाला, तेव्हा धारेच्या वेळी त्या लावायच्या त्या कव्वाल्या मीच कार्डात भरून स्पीकरसकट दिल्या. वर पोतंभर गाणी फुकट.

"पान्हाच सोडत न्हाई ती," मावशी म्हणाल्या. "डेअरीवाला म्हनतो, मावशी, किटली धुवायला आनता का?"

"पण गाणी तीच आहेत."

"मला नको, तिला सांग."

मी निदान केलं, डाउनलोड फार स्वच्छ आहे. मग त्यांच्या जुन्या कॅसेटवरूनच कव्वाल्यांची बाजू उतरवली, खरखरीसकट. फीत ताणल्यामुळे गायक मध्येच रेड्यासारखा घोगरा होतो, तेही मुद्दाम राखलं. म्हशीनं ऐकलं आणि स्पीकर शिंगावर घेऊन थेट प्रवरेत टाकला.

नवा स्पीकर घेऊन मी स्वतः गोठ्यात जाऊन बसलो. कव्वाल्या संपल्या की लगेच पोत्यातली गाणी सुरू. म्हैस कान टवकारून उभी. कशाची तरी वाट बघत होती.

"मावशी, टेप होता तेव्हा ही पान्हवायची कधी?"

"बाजू संपली की. बटन खटकन वर यायचं, मग मी बादली घ्यायची."

तिथं घोडं अडलं होतं. कॅसेटची बाजू संपते, टेप आपोआप बंद पडतो. कार्ड संपतच नाही. शेवटचं गाणं झालं की पुन्हा पहिलं.

मी फुकटची गाणी काढून टाकली. दुकानातल्या एका टेपचं 'खट्' रेकॉर्ड केलं, कव्वाल्यांच्या शेवटी जोडलं आणि पुढं नुसती शांतता भरली. आयुष्यात पहिल्यांदाच मी गिऱ्हाइकाला शांतता भरून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी 'खट्' झालं आणि म्हशीनं असा पान्हा सोडला, की बादली भरली, हंडे भरले, शेवटी गल्लीतल्या बायकांना नळावरून बोलवावं लागलं. धंद्यात मी एवढंच शिकलो: माल किती दिला याला किंमत नाही, तो कुठं थांबतो ते बघावं.

आठवड्यानं मावशी बाजारात दिसल्या. मी जरा ऐटीतच विचारलं, "काय मावशी, देते ना आता दूध?"

"सकाळचं देती," मावशी म्हणाल्या. "संध्याकाळी आमी दुसरी बाजू लावायचो."