मूळ जित्तं ठिवायचं

टीबीच्या इंजेक्शनांनी आईचा जीव वाचवला आणि कान नेले. आमच्या काष्टी गावात ज्यानं त्यानं उपाय सांगितले, कुणी लसणाचं तेल, कुणी अंगारा. नुसते शहाणे सगळे! त्यात वर्षं गेली. कानात तार बसवली की ऐकू येतं, असं वडिलांनी पेपरात वाचलं, तेव्हा कुठं आम्ही तिला पुण्याला नेलं.

डॉक्टरांनी आधी कानाला बारीक वीज लावून पाहिली. आवाज आला की मान डोलव, असं मी तिला खुणांनी सांगितलं. ती आमच्या तोंडांकडे बघत दर वेळी मान डोलवायची. डॉक्टरांनी वीज बंद ठेवली, तरी डोलवली. मला तिथंच रडू फुटलं.

"आतल्या नसेच्या पेशी सुकून गेल्यात," डॉक्टर म्हणाले. "तार बसवून उपयोग नाही." त्या तारेलाच औषधाचा लेप द्यायचा, ते हळूहळू झिरपून पेशी जगवेल, असे प्रयोग परदेशात चालू होते म्हणे. पण अजून जनावरांवरच.

आमची लिंबाची बाग. उन्हाळ्यात वडील रोपाशेजारी मडकं पुरून पाणी पाझरवायचे. ते लगेच म्हणाले, "म्हंजे आपलं मडकंच की. औषध येस्तवर मूळ जित्तं ठिवायचं."

कानाचं पाणी म्हणजे आवाज, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून तिच्या उजव्या कानाशी मोठ्यानं बोलायचे. बाजारात लिंबू काय भावानं गेलं, कुणाची गाय व्याली. आई मान डोलवायची. लोक हसायचे. "पालथ्या घड्यावर पाणी," मीही चिडून म्हणायचे.

"तुजं काय जातंय?" म्हणत ते पुन्हा कानाला तोंड लावायचे.

औषध काही आलं नाही. वडीलच गेले.

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी आई ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. पदर मागं सारून तिनं उजवा कान माझ्याकडं केला. वडिलांचं ऐकू यायचं का, मी खुणेनं विचारलं. पहिल्यांदाच तिनं मान आडवी हलवली.

"न्हाई. त्येंचा वारा लागायचा कानाला."

मी तोंड कानाजवळ नेलं. शब्द एकही फुटेना, नुसते हुंदके येत राहिले. आई समोर बघत मान डोलवत होती. जरा वेळानं म्हणाली, "बापावानी लई बोलतीस गं."