पायी जाता येईल असं घर

मुलगी चार वर्षांची झाली आणि दुसऱ्या बाळाची चाहूल लागली, तेव्हा आम्ही शिकागोत तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. ऐंशीचं दशक निम्म्याहून जास्त सरलं होतं. ओळखीची मराठी मंडळी एकेक करून सबर्बमध्ये घरं घेऊन पांगली होती. शनिवारी कुणाकडे जेवायला जमलं, की पुरुष बेसमेंटमध्ये आणि बायका किचनमध्ये, पण दोन्हीकडे विषय एकच, तुम्ही कधी घेताय?

सल्ल्यांना तोटा नव्हता. शॉमबर्गला राहणारे एक डॉक्टर होते, माझी मुलगी त्यांना काका म्हणायची. त्यांच्या मते आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या पत्त्यावर कुठली शाळा मिळते ते बघायचं, मग घर. काकूंचं म्हणणं, गॅरेज घराला जोडलेलं हवं, नाहीतर जानेवारीच्या बर्फात किराणा आत आणताना रडशील. मी सगळ्याला मान डोलवत असे. माझी अडचण मात्र कुणाच्याच सल्ल्यात बसत नव्हती. मला गाडी चालवता येत नव्हती. नवऱ्याने शिकवायचा प्रयत्न केला होता, पण दर वेळी आम्ही एकमेकांशी अबोला धरून घरी परतायचो.

घरं दाखवायला एक उंच, हसतमुख अमेरिकन बाई होती. तिचं आणि नवऱ्याचं छान जमलं. तो मेकॅनिकल इंजिनियर, त्यामुळे प्रत्येक घरात शिरल्याशिरल्या घर गरम ठेवणारी भट्टी बघायला बेसमेंटमध्ये उतरायचा आणि ती त्याच्यामागे. मी आणि मुलगी रिकाम्या खोल्यांमधून हिंडायचो.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिने आम्हाला अगदी नव्या वसाहतीत नेलं. घर प्रशस्त, लॉन गालिच्यासारखं, शाळा उत्तम. नवरा खूश होऊन खाली गेला. मला मात्र नव्या कार्पेटच्या वासाने मळमळायला लागलं, म्हणून मुलीचा हात धरून मी बाहेर पडले. अंगावर साडी, वर नवऱ्याचं जॅकेट, कारण माझं पोटावर लागत नव्हतं.

फुटपाथ कुठेच नव्हता, तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेने निघालो. मेपलची झाडं लालभडक झाली होती. घरं एकापेक्षा एक देखणी, पण माणूस दिसेल तर शपथ. एका वळणावर मागून हळूच एक पोलिसांची गाडी आली आणि शेजारी थांबली. आतला पोलीस तरुण होता, अतिशय नम्र. तुमची गाडी बंद पडली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, मी चालतेय. कुठे जायचंय? मी म्हटलं, कुठेच नाही, नुसतीच चालतेय. मग त्याने सांगितलं, कुणीतरी खिडकीतून बघून फोन केला होता, की एक बाई अडचणीत आहे.

तेवढ्यात माझ्या मुलीने त्याला इंग्लिशमध्ये खुलासा केला. "माय मॉमी डझन्ट नो हाउ टू ड्राइव्ह."

त्याला एकदम सगळं उलगडलं. त्याने खाली उतरून मागचं दार उघडलं. नाही म्हणायला मला इंग्लिश सुचेना आणि मुलगी तर केव्हाच आत जाऊन बसली होती. आमची वरात त्या घरासमोर थांबली तेव्हा नवरा आणि एजंटबाई दारातच उभे होते. नवऱ्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. पोलिसाने त्याच्याशी हात मिळवला, वसाहतीत तुमचं स्वागत आहे म्हणाला, आणि गेला.

परतीच्या वाटेवर मीच विषय काढला, "इथे राहिलो, तर बाळाला घेऊन मी बाहेर पडेन आणि पोलीस मला रोज घरी आणून सोडतील."

"भट्टी नवीकोरी होती," तो म्हणाला. मग त्याला हसू फुटलं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी त्याने एजंटबाईला फोन करून सांगितलं, की बायकोला पायी फिरता येईल असं गाव हवं. तिच्याकडे अशी मागणी पहिल्यांदाच आली असावी. ती म्हणाली, नेपरव्हिलला स्टेशनजवळ आहेत तशी घरं, पण जुनी आहेत.

जुनं म्हणजे जुनंच होतं. एकच बाथरूम, गॅरेज मागच्या अंगणात वेगळं, जिना करकरणारा. पण दारासमोर फुटपाथ होता, झाडांच्या मुळांनी जागोजागी उचलून धरलेला. लायब्ररी, दुकानं, शाळा, सगळं चालत जाण्याजोगं. आम्ही घर बघून बाहेर आलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई पानं गोळा करत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून आधी बाळ कधी होणार ते विचारलं, मग आम्ही कुठले ते. निघेपर्यंत मुलीच्या दोन्ही मुठी त्यांनी दिलेल्या बिस्किटांनी भरल्या होत्या. नवरा त्या दिवशी बेसमेंटमध्ये उतरलाच नव्हता.

डॉक्टरकाकांना ही निवड पटली नाही, पण शाळा इथेही चांगल्या असल्यामुळे त्यांना फार बोलता येईना. काकू मात्र वसंतात एकदा बाळाला बघायला आल्या आणि मग येतच राहिल्या. आमच्या दाराशी गाडी लावायच्या, पायातले सँडल काढून बूट चढवायच्या, आणि बाबागाडी ढकलत आम्ही निघायचो. एकदा त्या म्हणाल्या, आमच्या शॉमबर्गच्या गल्लीतल्या माणसांचे चेहरे मला अजून माहीत नाहीत, नुसत्या गाड्या ओळखते.

संध्याकाळी शिकागोहून गाडी यायच्या वेळी मी मुलांना घेऊन स्टेशनवर जायचे. कोटातली माणसं घाईने उतरायची, त्यात नवरा दिसला की मुलगी धावत सुटायची. ओळखीचे दोनचार प्रवासी तिला हात करून जायचे. मग चौघं रमतगमत घरी यायचो, आणि वाटेत कुणी ना कुणी बोलायला थांबवायचंच, त्यामुळे भाताचा कुकर लावायला बहुतेकदा उशीर व्हायचा.